नऊ ऑगस्टच्या चार पिशव्या

रुवैदाला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने, अमक्याची आई अशी हाक मारतात; त्यामुळे तिला कोणाची आई म्हणून हाक मारायची, हा आमच्या इस्पितळातल्या बायकांना प्रश्नच होता. तो सोडवला चहाच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने. एकदा ती टेबलाखाली पालथी पडून, खांद्यावर दहा-बारा हात केबल गुंडाळून काहीतरी शोधत होती. हा ट्रे घेऊन आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "घ्या, तारांच्या आई, चहा घ्या." त्या दिवसापासून ती तारांची आई. ती चिडली नाही. "निदान माझी पोरं उलट बोलत नाहीत," म्हणाली.

ते काही खरं नव्हतं. तिची पोरं म्हणजे इस्पितळाचे एकशे चाळीस कॉम्प्युटर, चार मजल्यांवर पसरलेले, आणि त्या सगळ्यांना मिळून ही एकटी. कुठे छपाई थांबली, कुठे पडदा काळा पडला, कुठे कोणी कीबोर्डवर कॉफी सांडली की फोन तिलाच. इर्बिदसारख्या शहरात धर्मादाय इस्पितळ चालवणाऱ्यांना डॉक्टर मिळवताना नाकी नऊ येतात, तिथे कॉम्प्युटरसाठी दुसरा माणूस कोण ठेवणार? दर वर्षी ती अर्ज करायची. दर वर्षी उपसंचालक डॉक्टर कायिद तो वाचून म्हणायचे, "इन्शाल्ला." आमच्याकडे या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या भुवयांवरून कळतो. डॉक्टरांच्या भुवया हलायच्या नाहीत.

मी फदवा. खालच्या मजल्यावर रक्तपेढीत, पिशव्या देण्याच्या खिडकीवर बसते. रुवैदाची आणि माझी ओळख सोळा वर्षांची. ती अजलूनच्या डोंगरातल्या एका खेड्यातली. बाप शाळेची बस चालवायचा. तिला नर्स व्हायचं होतं, पण गुण थोडे कमी पडले, आणि ज्या वर्गात जागा उरली होती तिथे बापाने नाव घातलं. तो वर्ग कॉम्प्युटरचा निघाला. पुढे लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. ती त्याबद्दल फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, "तो म्हणायचा, तू सदा कशाची तरी वाट बघत असल्यासारखी बसतेस. खरंच होतं ते. काय बिघडणार आहे याची मी वाट बघत असते."

हा तिचा स्वभावच. जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवायची, आणि दोन घासांमागे उलटा करून बघायची. आणि सगळ्यात जास्त धास्ती तिला अपडेटची. कॉम्प्युटर बनवणारे लोक दर महिन्याला त्यात काहीबाही दुरुस्त्या पाठवतात. त्या आपोआप उतरतात, मग कॉम्प्युटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरी असं झालं तर माणूस फार तर चहा करून येतो. इस्पितळात रुग्णाचं नाव टंकत असताना झालं तर?

"मग घेऊच नकोस ना," मी एकदा म्हटलं.

"नाही घेतलं तर चोर शिरतात. घेतलं तर घरचीच माणसं दाराबाहेर अडकतात. तूच सांग काय करू."

मग तिने तिची पद्धत बसवली होती. अपडेट पस्तीस दिवसांपर्यंत थांबवून ठेवता येतं. तेवढ्यात ती एकेक मजला घ्यायची. शुक्रवारी, गर्दी नसताना, दोन-चार मशीनवर अपडेट चढवायची, सगळे प्रोग्राम चालवून बघायची आणि मगच पुढच्यांना हात लावायची. रक्तपेढीची मशीनं शेवटी, कारण आमचा प्रोग्राम वीस वर्षांचा. बनवणारा माणूस केव्हाच कॅनडाला गेला. कोणत्या मशीनची मुदत कधी संपते हे ती एका निळ्या वहीत लिहून ठेवायची. एक तारीख चुकली की बांध फुटला.

त्या वर्षी ऑगस्टच्या सहा तारखेला, बुधवारी, तिचा बाप अंगणातल्या अंजिराच्या झाडावरून पडला. वय अठ्ठ्याहत्तर, आणि म्हातारा शिडीवर. मांडीचं हाड मोडलं. रुवैदा होती त्या कपड्यांत निघाली. भाऊ आखातात, वहिनीला लहान मुलं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी बापापाशी हीच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती अजलूनला होती. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिने आधी विचारलं, "तिकडे सगळं ठीक ना?"

"अगं, तुझ्या बापाचं सांग!"

"बाबा ठीक आहेत, डॉक्टरांना शिव्या देतायत. मशीनं?"

"मशीनं शिव्या देत नाहीत. गप्प बस आणि झोप."

रविवारी सकाळी सातला मी रक्तपेढीचं दार उघडलं तर तिन्ही पडद्यांवर नवंच चित्र. निळा समुद्र, कुठलीशी बेटं, आणि खाली स्वागताचे चार गोड शब्द. मला गंमत वाटली. मी फोटो काढला आणि रुवैदाला पाठवला. खाली लिहिलं, "मबरूक, अभिनंदन, तारांच्या आई, तुझी पोरं नटून बसलीत." प्रोग्राम उघडून पाहिला. उघडला. एक पिशवी लेबल वाचणाऱ्या यंत्राखाली धरून पाहिली. हिरवा दिवा लागला. मग मी वेलचीची कॉफी केली आणि कामाला लागले.

फोटो गेला तेव्हा ती शेअर टॅक्सीत होती, आणि डोंगरात फोन लागत नाही. तिने तो शहरात शिरल्यावर, साडेनऊला पाहिला. पावणेदहाला ती आमच्या दारात होती. अंगात तेच बुधवारचे कपडे, हातात बापाच्या औषधांची पिशवी.

"कोणी घेऊ दिलं हे?"

"कोणी म्हणजे? सकाळी आले तर होतंच."

ती आत आली. खुर्ची ओढून बसली. लेबल छापून बघितलं. ठीक. अरबी टंकून बघितलं. ठीक. रुग्णांच्या यादीत गेली, बाहेर आली. सगळं ठीक. तिचे खांदे बोटभर खाली आले, आणि मी म्हटलं, "बघ! उगाच जीव टांगणीला लावून घेतेस."

इतक्यात आतल्या शीतपेट्यांच्या खोलीतून अबू नायिफ आले. आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्यांना सगळे अम्मो, म्हणजे काका म्हणतात. तिने सवयीने विचारलं, "अम्मो, आज बाद किती?"

रोज सकाळी प्रोग्राम मुदत संपलेल्या पिशव्यांची यादी देतो. त्या काढून वेगळ्या ठेवायच्या, हे अबू नायिफांचं पहिलं काम.

"एकही नाही, अल्हम्दुलिल्लाह!" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत असा रविवार पाहिला नाही. तुझं हे अपडेट चांगल्या पायगुणाचं आहे, पोरी."

रुवैदाची बोटं कीबोर्डवर थांबली.

"एकही नाही?"

"नाही म्हणतोय ना. यादीच कोरी."

"शनिवारी किती होत्या?"

"पाच."

"शुक्रवारी?"

"तीन की चार. का गं?"

ती उठली ती सरळ शीतपेट्यांच्या खोलीत. मीही मागे गेले. तिने पहिली पेटी उघडली. थंड हवेचा लोट पायांवर आला. ती एकेक पिशवी उचलून लेबल वाचत होती, मोठ्याने, शाळेतल्या मुलीसारखी. "एकोणीस-आठ. चोवीस-आठ. पंधरा-नऊ." तिसऱ्या फळीवर तिचा आवाज थांबला. तिने पिशवी माझ्यासमोर धरली.

"वाच."

लेबलावर होतं 09/08.

"नऊ ऑगस्ट," मी म्हटलं.

"आज किती तारीख?"

"दहा."

मला तोवरही कळलं नव्हतं. तिने ती पिशवी बाहेर आणली, यंत्राखाली धरली. हिरवा दिवा लागला. मग पिशवीबरोबर वॉर्डात जाते ती चिठ्ठी तिने छापली. चिठ्ठीवर आमचा प्रोग्राम महिना अक्षरात लिहितो. त्यावर होतं, 'वापरण्याची मुदत: ८ सप्टेंबर.'

अपडेटने त्या मशीनांची तारीख लिहायची पद्धतच बदलली होती. आम्ही आधी दिवस लिहितो, मग महिना. आता ती अमेरिकेसारखी आधी महिना, मग दिवस अशी झाली होती. आमचा म्हातारा प्रोग्राम तारीख कशी वाचायची हे कॉम्प्युटरला विचारतो. एकोणीस-आठ असेल तर एकोणिसावा महिना नसतोच, म्हणून तो मुकाट्याने उलटून घेतो आणि बरोबर वाचतो. पण नऊ-आठपाशी त्याला अडायचं कारणच नव्हतं. काल मेलेली पिशवी त्याच्या लेखी महिनाभर जिवंत होती.

"अम्मो," रुवैदा म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता की अबू नायिफांना पुढे वाकावं लागलं. "नऊ-आठच्या एकूण किती होत्या?"

त्यांच्या हातची एक नोंदवही आहे. डॉक्टर कायिदांनी दोनदा बंद करायला सांगितली होती, कॉम्प्युटर असताना कागद कशाला म्हणून. त्यांनी ती बंद केली नव्हती. त्यांनी बोट फिरवलं. "चार."

पेटीत तीन होत्या.

चौथी मीच दिली होती. पावणेनऊला, तिसऱ्या मजल्यावरच्या थॅलेसीमियाच्या वॉर्डसाठी. पिशवीवर तारीख छापलेली होती, माझ्या डोळ्यांपुढून गेली होती. मी वाचली नाही. दिवा हिरवा लागला, मी दिली.

वॉर्डाला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

"चल," रुवैदा म्हणाली. जाताजाता तिने मागे वळून सांगितलं, "अम्मो, ही तिन्ही मशीनं बंद. एकही पिशवी यंत्रावर विसंबून जाता कामा नये. तुम्ही स्वतः वाचा, दुसऱ्याला वाचायला लावा, मग द्या."

"डॉक्टर कायिदांना विचारू?"

"मी सांगते त्यांना. तुम्ही बंद करा!"

लिफ्टपुढे चार स्ट्रेचर उभे होते. आम्ही जिन्याने धावलो. दुसऱ्या मजल्यावर माझा श्वास संपला. रुवैदाच्या हातातली औषधांची पिशवी अजून तशीच होती, आणि तिच्यातल्या बाटल्या पायरीपायरीला खणखणत होत्या.

जूद नावाची अकरा वर्षांची मुलगी. दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येते. त्या वॉर्डातल्या मुलांना सुईची भीती राहिलेली नसते. ती डाव्या हाताने चित्र रंगवत होती आणि उजव्यात रक्त चालू होतं. पिशवी वरून वाकली होती. तिसरा हिस्सा गेला असावा.

नर्सने आमची तोंडं पाहिली आणि न विचारता नळीची कळ दाबली. मग दबक्या आवाजात मला म्हणाली, "काय झालं? आम्ही दोघींनी मिळून चिठ्ठी पाहिली. आठ सप्टेंबर आहे."

"पिशवी पाहिली?"

तिने पिशवी उलटी केली. वाचली. खुर्चीच्या पाठीला हात टेकला.

जूदची आई, उम्म मालिक म्हणजे मालिकची आई, खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होती. दिवसभर बसायचं म्हणून ती घरचं काम घेऊन येते. तिने परात बाजूला ठेवली. "का थांबवलं?"

नर्स नळीकडे बघत राहिली.

"मी विचारते, का थांबवलं? तोंडात वाटाणे भरलेत का सगळ्यांनी?"

नर्सने वॉर्डच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डॉक्टर कायिदांना. ते पाच मिनिटांत आले, आणि आम्हाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"एक दिवस," ते म्हणाले. "एका दिवसाने रक्ताचं विष होत नाही. मुदत ठरवताना हात राखूनच ठरवतात. पोरीवर लक्ष ठेवा, ताप बघत राहा. दुसरी पिशवी लावा. आईला सांगा, नळीत गुठळी अडकली होती."

"नाही, डॉक्टर," रुवैदा म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"गुठळी नव्हती."

"रुवैदाबाई, तुम्ही मशीन बघता. वॉर्ड आम्ही बघतो."

"मशीन बघते म्हणूनच म्हणते. उद्या ताप आला तर ती गुठळीचा ताप समजेल. कोणत्या डॉक्टरला काय सांगेल?" भांडायला जन्मलेली बाई नव्हती ती. "तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

आणि ती आत गेली. मला अजूनही वाटतं, ती थांबली असती, एक श्वास जरी घेतला असता, तरी तिचं धैर्य गळून पडलं असतं. म्हणून ती थांबलीच नाही.

तिने उम्म मालिकला सरळ शब्दांत सांगितलं. ही पिशवी कालपर्यंतच चालणार होती. कॉम्प्युटरने तारीख उलटी वाचली. तिसरा हिस्सा जूदच्या अंगात गेला आहे. बहुधा काही होणार नाही, पण दिवसभर लक्ष ठेवावं लागेल.

उम्म मालिक शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी कॉम्प्युटर सांभाळते."

"म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरने."

"हो."

"अकरा वर्षं." तिने दोन्ही हातांची बोटं पसरली, मिटली, पुन्हा एक बोट उघडलं. "अकरा वर्षं मी हिला एकेक थेंब मोजून वाढवलं. लोह वाढू नये म्हणून रात्रभर पोटात सुई लावून झोपवते. डाळिंबाचा दाणा देताना विचार करते. आणि तुम्ही मला सांगता, कॉम्प्युटरने तारीख उलटी वाचली! तुम्हाला वाचता येत नाही? ह्या सगळ्यांना शाळेत कोणी घातलं होतं?"

"यम्मा, पुरे ना," जूद म्हणाली. तिला लाज वाटत होती.

"तू रंगव!"

रुवैदा उभी राहिली. मान खाली नव्हती, वरही नव्हती. मी तिच्या मागे होते. 'पिशवी मी दिली, मी वाचली नाही' हे माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. ते मी त्या दिवशी सकाळी बोलले नाही. हे लिहिताना लपवायचं कशाला?

खाली गेलो तर रक्तपेढीत वेगळाच गोंधळ. बाळंतपणाच्या विभागात एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांना दोन पिशव्या तातडीने हव्या होत्या, आणि आमची मशीनं बंद. शिपाई दारात ओरडत होता, "यल्ला, यल्ला! बाई मरतेय तिकडे आणि इथे शाळा भरलीय!" अबू नायिफ भिंग घेऊन लेबल वाचत होते. त्यांनी वाचलं, मी वाचलं, रुवैदाने वाचलं. "सत्तावीस-आठ." "सत्तावीस-आठ." "सत्तावीस ऑगस्ट, ओ पॉझिटिव्ह." गट दोनदा तपासला. पिशव्या गेल्या. सगळं मिळून सहा मिनिटं लागली असतील. त्या सहा मिनिटांत मी एकदा रुवैदाकडे पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता आणि ती ओठ हलवत काहीतरी म्हणत होती. आकडे की कुराणातली आयत, कळलं नाही.

मग तिने काम वाटून घेतलं. मशीनं पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी बंद होऊन सुरू झाली होती, हे तिने शोधून काढलं. तेव्हापासून गेलेल्या पिशव्या सहा. बाकी पाचांच्या तारखा अबू नायिफांच्या वहीतून ताडून पाहिल्या. पाचही बरोबर. तो जुना प्रोग्राम आणखी कुठे आहे? फक्त वरच्या वॉर्डात, दोन मशीनवर. तीही उलटलेली. ती पुन्हा वर जाऊन सरळ करून आली. औषधांच्या दुकानाचा प्रोग्राम नवा, त्याला धक्का नव्हता, तरी तिने तिथे जाऊन दहा डब्यांच्या तारखा वाचून घेतल्या. शेवटी आमच्या तिन्ही मशीनांची तारीख पूर्ववत केली आणि प्रोग्राम चालू केला. यादीत चारही पिशव्या लाल झाल्या, वर गेलेलीसुद्धा.

साडेबाराला वरून फोन आला. जूदला ताप, सदतीस पॉइंट आठ सेल्सिअस.

मी तिला सांगितलं तेव्हा ती फरशीवर बसली. खुर्ची शेजारी होती, पण ती फरशीवर बसली. तिने निळी वही काढली, एक पान उघडलं आणि माझ्याकडे सरकवलं. तिच्याच अक्षरात होतं, 'रक्तपेढी ३, थॅलेसीमिया २. मुदत: गुरुवार ७ ऑगस्ट.' खाली दोन रेघा मारलेल्या. मुदत टळली की अपडेट दोन-तीन दिवसांत कधीतरी आपोआप चढतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बुधवारी सकाळी मी वही उघडली होती. उद्या करू म्हटलं. मग वहिनीचा फोन आला. त्यानंतर चार दिवसांत एकदाही आठवलं नाही, फदवा. एकदाही नाही. तुला फोनवर मशीनं विचारत होते, आणि हेच आठवलं नाही."

"तुझा बाप शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता."

"वर त्या बाईचीही मुलगीच आहे ना."

मी तिला पाणी दिलं. अबू नायिफांनी भाकरीत फलाफल गुंडाळून तिच्या हातात ठेवले. ते तसेच राहिले.

एक वाजता ताप अडतीस. वॉर्डच्या डॉक्टरांनी जूदचं रक्त तपासायला पाठवलं, पिशवीतलंही पाठवलं. दीडला अडतीसच. रुवैदा वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आत जायची तिची हिंमत नव्हती आणि खाली यायचीही. मी खिडकीवरून सुटून दोनदा वर गेले. एकदा पाहिलं तर दार उघडून उम्म मालिक बाहेर आली, नळावर ग्लास धुतला, परत गेली. दोघी एकमेकींपासून दोन हातांवर होत्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

अडीचला सदतीस पॉइंट सात. साडेतीनला सदतीस पॉइंट एक. दुपारच्या असरच्या बांगेच्या सुमारास नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "उतरला. हिला रक्त घेताना कधीकधी येतो ताप, मागे ताज्या पिशवीलाही आला होता. पिशवीमुळे की नाही, कोण सांगणार." तपासणीत काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी जूद घरी गेली.

संध्याकाळी डॉक्टर कायिदांनी आम्हाला खोलीत बोलावलं. आवाज मऊ होता. त्यांनी अहवाल लिहून ठेवला होता, फक्त सह्या हव्या होत्या. मी वाचला. 'अचानक आलेल्या अपडेटमुळे तांत्रिक बिघाड झाला. कर्मचाऱ्यांनी तत्परतेने तो लक्षात आणून दिला.' आणखी काही नाही.

"यात खोटं काय आहे?" ते म्हणाले. "अपडेट तुम्ही बनवलं? नाही. ते अचानक आलं की नाही? आलं. मग सही करा आणि घरी जा. तुमचे वडील आजारी आहेत."

"अचानक नाही आलं, डॉक्टर," रुवैदा म्हणाली. "अपडेट कंपनीचं, पण तारीख माझ्या वहीत होती."

"कोण मागतंय तुमची वही?"

"कोणी नाही. पण असं लिहिलंत तर पुढच्या वेळी पुन्हा अचानकच येईल."

तिने कागद उलटला आणि मागे स्वतः लिहिलं. मुदत सात ऑगस्टला संपत होती, ती मी वाढवली नाही. मी रजेवर असताना ते करणारं दुसरं कोणीही नाही. अपडेटनंतर प्रोग्राम न तपासता वापरला गेला. तिने सही केली. मग लेखणी टेबलावर ठेवली. माझ्याकडे सरकवली नाही, पाहिलंही नाही.

मी ती उचलली. सकाळपासून जिभेवर अडकलेलं वाक्य मी तिच्या सहीखाली लिहिलं. पिशवी मी दिली. त्यावरची तारीख मी वाचली नाही.

डॉक्टर कायिदांनी दोन्ही हात वर केले. "वल्लाह, माणसं नोकरीतून सुटायला बहाणे शोधतात, तुम्ही अडकायला शोधता!"

आम्हा दोघींना लेखी ताकीद मिळाली. ती फायलीत आहे. रुवैदाची त्या वर्षीची बढती गेली. दुसरा माणूस लगेच मिळाला असंही नाही, त्याला दीड वर्ष लागलं, आणि तोही अर्ध्या दिवसाचा. पण तो अहवाल इस्पितळाच्या विश्वस्तांपर्यंत गेला, आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या. कोणतंही अपडेट आधी रुवैदाच्या खोलीतल्या एका जादा मशीनवर येतं. तिथे आमचा जुना प्रोग्राम आहे, त्यात खोट्या पिशव्या आहेत, आणि तारखा मुद्दाम एक ते बारा मधल्या आहेत. ती सही करते तेव्हाच ते पुढे जातं. ती नसली तर मी करते. ती तपासणी तिने मला शिकवली, मी कितीही आढेवेढे घेतले तरी. आणि अबू नायिफांची नोंदवही आता अधिकृत आहे. ते निवृत्त झाले, वही चालू आहे.

रुवैदा बदलली का, असं मला विचारतात. धास्ती गेली नाही. उलट आता तिला सहा महिन्यांपूर्वीच्या गोष्टीही आठवतात आणि ती मला फोन करून विचारते, "ते अमुक केलं होतंस ना?" तिचा बाप काठी घेऊन चालायला लागला आहे. अंजिराला हात लावायचा नाही, अशी शपथ तिने त्याच्याकडून घेतली आहे. म्हातारा म्हणतो, शपथ अंजिराची घेतलीय, बदामाची नाही.

उम्म मालिकने रुवैदाला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा माझ्या खिडकीपाशी थांबली आणि म्हणाली, "पिशवी मला दाखवा." नियमात तसं बसत नाही. मी दाखवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, तारीख मोठ्याने वाचली, मग माझ्याकडून वाचून घेतली, आणि वर गेली. पुढच्या वेळी तिच्याबरोबर आणखी एक आई होती. मग आणखी दोन. आता तिसऱ्या मजल्यावर पिशवी टांगायच्या आधी नर्स ती आईच्या हातात देते. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी शेजारची वाचते. डॉक्टर कायिदांनी एकदा विचारलं की हा काय तमाशा, कोणी सुरू केला. नर्स म्हणाली, "माहीत नाही, डॉक्टर," आणि पुढची पिशवी घ्यायला माझ्याकडे खाली आली.